रिले टरटरते, पण ठिणगी पडत नाही

भंगारातली मोटारगाडीची इग्निशन कॉइल, बारा व्होल्टची रिले (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) आणि जुन्या यूपीएसमधली बॅटरी जोडून केलेलं ठिणगीचं यंत्र. शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की अशी यंत्रं माझ्या दुकानात यायला लागतात. दुकान ऑटो इलेक्ट्रिकचं, देवगड-मालवण पट्ट्यात, दर्यापासून हाकेच्या अंतरावर. तक्रार वर्षानुवर्षं एकच: "काका, आवाज येता, पण ठिणगी येना नाय."

आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते बघा.

- रिले टरटरते, पण गॅपमध्ये, म्हणजे ठिणगी पडायच्या दोन टोकांमधल्या फटीत, काहीच नाही.
- ठिणगी पडते, पण केसासारखी बारीक आणि तांबूस. चांगली ठिणगी निळसर पांढरी असते आणि कट्‌कट् वाजते.
- मे महिन्यात झकास चालत होतं, मिरगाचा पाऊस लागला आणि बंद पडलं. किंवा सकाळी रुसतं, दुपारी उन्हात ठेवलं की चालतं.
- पहिला अर्धा मिनिट छान, मग मंद. गार झालं की पुन्हा छान.
- गॅपमध्ये अंधार, आणि रिलेच्या आत मात्र निळा जाळ.
- आवाजच नाही, आणि वायर गरम.

आमच्याकडे तिसरं दुखणं सगळ्यात जास्त. त्यावर लोक कॉइल बदलतात, बॅटरी बदलतात, रिले बदलतात, आणि ते जात नाही. कारण ठिणगी हरवलेली नसते, ती दुसऱ्या वाटेने निघून गेलेली असते. ती वाट शोधायची, बाकीचं किरकोळ.

यंत्र सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, तरी सांगून ठेवतो. रिले सुटलेली असताना जोडलेल्या राहणाऱ्या संपर्कातून करंट कॉइलच्या प्रायमरीला, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीला, आणि रिलेच्या स्वतःच्या गुंडाळीलाही जातो. रिले ओढली की आपलाच संपर्क तोडते, तुटला की सुटते, सुटली की पुन्हा जोडला जातो. म्हणून ती टरटरते. दर तुटण्याला कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि सेकंडरीवर, म्हणजे ठिणगीकडच्या गुंडाळीवर, हजारो व्होल्ट उभे राहतात. जुन्या पेट्रोल गाडीत हेच काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करायचे. तुटणाऱ्या संपर्काला समांतर एक कंडेन्सर असतो, त्याच्याबद्दल पुढे.

तपासणी सुरू करण्याआधी: स्विच नको, दाबून धरायचं बटण लावा, म्हणजे हात काढला की यंत्र बंद. बॅटरीच्या पॉझिटिव्हला पाच अँपिअरचा फ्यूज. चालू असताना एक हात पाठीमागे. पाच-दहा सेकंदांच्या वर दाबून धरायचं नाही. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने त्या खोलीतसुद्धा थांबू नये. मोबाइल लांब ठेवा. गॅस, पेट्रोल, थिनर जवळपास नको. हे यंत्र मुळात आग पेटवण्यासाठीच जन्मलेलं आहे. या कॉइलचा झटका बसला की माणूस हात असा काही मागे घेतो की कोपर मागच्या कपाटावर आपटतं. जखम बहुतेक वेळा कोपराचीच होते, पण त्या भरवशावर राहू नका.

बॅटरी (खर्च शून्य)

यूपीएसमधून काढलेली बॅटरी म्हणजे कुणीतरी टाकून दिलेली बॅटरी, हे विसरू नका. मीटर लावला की १२.६ दाखवते आणि मुलगा म्हणतो बॅटरी टकाटक आहे. बटण दाबून ठेवून मीटर बघा. कॉइल तीन-साडेतीन अँपिअर मागते; तेवढ्यावर व्होल्टेज ८-९ वर आपटत असेल तर बॅटरी संपली. लोड टाकल्याशिवाय बॅटरीचा स्वभाव कळत नाही. लोडवर ११.५ च्या वर राहिली तर पुढे चला. बॅटरी फुगलेली दिसली तर तपासत बसू नका, ती परत भंगारात.

जोड (खर्च: एक पॉलिश पेपर)

तांब्याच्या वायरच्या टोकाला आणि पितळी लगला (टोकावर बसवून आवळायच्या कडीला) हिरवं चढलेलं असतंच. साडेतीन अँपिअरच्या वाटेवर अर्धा ओहम जरी असा बसला तरी पावणेदोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. वायर कापून नवं टोक काढा, लग पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा.

एका पोराने घरच्या अनुभवावर आगळ, म्हणजे कोकमाचा रस, लावून सगळे लग चकचकीत करून आणले होते. आजी तांब्याची भांडी कोकमाने घासते, मग हेही चालेल, असा हिशोब. भांडी लख्ख निघतात हे खरं, पण आजी ती नंतर पाण्याने धुते. आणि आगळात मीठ असतं, मेल्या! आठ दिवसांत लग पहिल्यापेक्षा हिरवे. आंबट लावायचंच तर बिनमिठाचं लावा आणि धुऊन कोरडं करा. मी तरी पॉलिश पेपरच वापरतो.

गॅप (खर्च शून्य)

मुलांना ठिणगी लांब हवी असते. दोन गोल डोक्याचे बोल्ट समोरासमोर लावतात, मध्ये दोन सेंटिमीटर अंतर, आणि मग म्हणतात पडत नाही. गोल, गुळगुळीत टोकांमधली हवा फुटायला मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. दोन सेंटिमीटरला किती होतात ते तुम्हीच गुणा, आणि कॉइल देते वीस-पंचवीस हजार. टोकं सुईसारखी केली तर मिलिमीटरला हजाराच्या आसपासही भागतं. तेव्हा टोकं अणकुचीदार करा आणि सुरुवात ५ मिलिमीटरवर. पडली तर हळूहळू वाढवा, दर वेळी बॅटरी काढून.

यात लांबीपेक्षा मोठी गोष्ट अशी की गॅप फार मोठा ठेवला किंवा टोकाची वायर मोकळीच सोडली, तर तयार झालेलं व्होल्टेज कुठेतरी जाणारच. बाहेर वाट नाही मिळाली तर ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतं. असं एकदा झालं की ती कॉइल गेली, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मी यंत्रावर कायमचा एक दुसरा गॅप बसवून देतो, १२ मिलिमीटरचा, बाजूला. मुख्य गॅप कुणी ओढून लांब केला तरी ठिणगीला घरी जायला रस्ता असतो.

अंधार (खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त कामाचं)

रात्री, दारं-खिडक्या लावून, दिवा घालवून यंत्र चालवा. दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि मगच बटण दाबा. बघायचं ते गॅपमध्ये नव्हे, बाकी सगळीकडे. कॉइलच्या डोक्यावर जांभळट धूसर उजेड, लाकडी फळीवरून सरपटणारी बारीक ठिणगी, वायरच्या सालीवर टिपके. कानाला चुरचुर ऐकू येईल, आणि जवळच वीज पडून गेल्यावर येतो तसा उग्र वास येईल. तो ओझोन. घशाला बरा नाही, तेव्हा बघून झालं की खिडकी उघडा.

रात्रीपर्यंत धीर नसेल तर ट्रान्झिस्टर रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून दोन-तीन मीटरवर ठेवा. गॅपमध्ये ठिणगी नसताना रेडिओ खरखरत असेल तर ठिणगी कुठेतरी पडते आहे, एवढं पक्कं. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ठिणगीपासून निघालेल्या लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली, त्यातलंच हे तत्त्व. पोरांना हे सांगितलं की प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहायला एक ओळ मिळते. मात्र यंत्राला लांब वायर अँटेनासारखी लावू नका. आजूबाजूच्या सगळ्यांचे रेडिओ खरखरतील.

आता मुख्य गोष्ट. लोक म्हणतात, पावसाळ्यात हवा दमट, म्हणून ठिणगी पडत नाही. अगदी उलट आहे. दमट हवा फोडायला कोरड्या हवेपेक्षा किंचित जास्तच व्होल्टेज लागतं, पण तो फरक इतका थोडा की विसरून जा. दोष हवेचा नाही, पृष्ठभागाचा आहे. दर्यावरचा वारा सगळ्यावर मिठाचा पातळ थर बसवतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे, मीठ पाघळतं, खाली पाणी साचतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून आधी हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे तुमच्या कॉइलच्या डोक्यावर डोळ्यांना न दिसणारी मिठाच्या पाण्याची साय बसलेली असते आणि ती वीज वाहून नेते. वीस हजार व्होल्टला तेवढी साय पुरेशी आहे. उन्हात ठेवलं की साय सुकते, यंत्र चालतं. मीठ मात्र तिथेच असतं, संध्याकाळी पुन्हा पाघळायला.

म्हणूनच स्पिरिटने पुसून उपयोग होत नाही. ही चूक मी स्वतः कैक वर्षं केली. स्पिरिट तेल काढतं, ओल काढतं, पण मीठ त्यात नावापुरतंच विरघळतं. पुसल्यावर यंत्र चालतं, आपण खूश होतो, आणि चौथ्या दिवशी तेच यंत्र पुन्हा दारात. मीठ पाण्यानेच जातं. तेव्हा क्रम असा: बॅटरी काढा. कॉइलचं डोकं, प्लग कॅप (वायरच्या टोकाची टोपी), एचटी वायर (कॉइलपासून गॅपपर्यंतची जाड सालीची वायर), गॅपचे खांब हे सगळं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी नको, त्याने मीठ वाढेल. मग स्पिरिटने पुसा, पाणी उडून जायला. मग सुकवा. जुलैत ऊन कुठलं, तेव्हा एका खोक्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात रात्रभर ठेवा, बल्ब कशाला टेकणार नाही एवढं बघून. पूर्ण सुकल्यावर, गरम असतानाच, कॉइलच्या डोक्यावर आणि कॅपच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पाणी त्यावर सलग पसरत नाही, थेंब-थेंब राहतं, म्हणून वाट जुळत नाही.

पुसूनही जात नसेल तर भिंग घेऊन बघा. प्लास्टिकवर पेन्सिलीने काढल्यासारखी, झाडाच्या मुळासारखी फाटे फुटलेली काळी रेघ दिसते का? गळणाऱ्या विजेने प्लास्टिक जाळून कोळसा केला आहे, आणि कोळसा वीज नेतो. ही वाट आता कायमची. बारीक असेल तर ब्लेडने मुळापासून खरवडून वर अराल्डाइट भरता येतं, पण माझा अनुभव असा की सहा महिन्यांत ती शेजारून पुन्हा उगवते. प्लास्टिकचा भाग बदला.

फळीचंही बघा. आंब्याच्या लाकडाची फळी सगळ्यांकडे असते, आणि लाकूड पाणी पितं. गॅपचे दोन्ही खांब एकाच फळीत ठोकले असतील तर पावसाळ्यात वीज हवेतून उडी मारण्याऐवजी फळीतून चालत जाते. काळा रंग दिलेली फळी त्याहून वाईट, कारण रंगात कार्बन असू शकतो. खांब पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर उभे करा, प्रत्येक तुकडा हातभर नको पण वीतभर तरी. अॅक्रिलिक चालतं. सगळ्यात स्वस्त आणि उत्तम म्हणजे सरबताच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या. फक्त त्याही दर पंधरवड्याला पुसायच्या.

एचटी वायर आणि कॅप

गाडीची एचटी वायर दोन जातींची असते, आत तांब्याची तार किंवा आत कार्बनची दोरी. भंगारातली कार्बनची बहुतेक वेळा आतून तुटलेली असते. मीटरवर काही हजार ओहम दाखवायला हवेत. अनंत दाखवलं तर फेकून द्या. प्लग कॅपमध्येही बऱ्याचदा पाच हजार ओहमचा रेझिस्टन्स असतो, त्याची आतली स्प्रिंग गंजते. आपल्याला इथे कॅप लागतच नाही, तांब्याची एचटी वायर सरळ गॅपला न्या.

कंडेन्सर

रिलेच्या आत निळा जाळ आणि गॅपमध्ये अंधार, हे लक्षण ऐकलं की मी यंत्र न बघता सांगतो: कंडेन्सर गेला किंवा लावलेलाच नाही. संपर्क तुटतो त्या क्षणी प्रायमरीतला करंट थांबायला तयार नसतो. धावणारा बैल एकदम थांबत नाही तसा. कंडेन्सर नसेल तर तो संपर्कांच्या फटीतून जाळ काढत पुढे जातो, चुंबकत्व सावकाश विझतं आणि सेकंडरीवर काही उभं राहत नाही. कंडेन्सर असला की करंट त्यात शिरतो, संपर्क स्वच्छ तुटतो, चुंबकत्व झटक्यात कोसळतं. जुन्या मोटारीच्या पॉइंटचा कंडेन्सर, ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड, अगदी योग्य. दुसरा लावायचा तर निदान ४०० व्होल्टचा, ६०० चा मिळाला तर उत्तम. टीव्हीच्या बोर्डावरचा पंचवीस-पन्नास व्होल्टचा लावून आणू नका. प्रायमरीवरचा उलटा झटका दोन-तीनशे व्होल्टचा असतो.

रिलेचे संपर्क

टरटरणं हे रिलेचं काम नव्हे, आपण तिच्याकडून वेठबिगारी करून घेतो. संपर्क खड्डे पडून चिकटतात. आवाज नाही आणि वायर गरम, हे लक्षण त्याचंच. तेव्हा कॉइलमध्ये चाळीसेक वॅट अखंड जात असतात, म्हणून ते बटण. झाकण काढून पॉलिश पेपरची पट्टी संपर्कात घालून ओढा. फार खड्डे असतील तर नवी रिले घ्या, आणि एक खिशात ठेवा. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक समोर आले की जुनी चिकटणार, हे ठरलेलं.

काही हुशार पोरं रिले काढून ट्रान्झिस्टर लावतात. जुन्या अॅम्प्लिफायरमधला २एन३०५५ हाताशी असतो. तो ६० व्होल्टचा माणूस आणि झटका तीनशेचा. दोन मिनिटांत शॉर्ट. दुसरा लावला, तोही. चौथ्यानंतर ते माझ्याकडे येतात. इथे ४०० व्होल्टच्या वरचा, इग्निशनसाठीच बनवलेला ट्रान्झिस्टर हवा, नाहीतर रिले बरी.

कॉइल

हे शेवटी, कारण यातच खर्च आहे. तरी एक प्रश्न आधी: कॉइल कुठल्या गाडीची? नंतरच्या काळातल्या बहुतेक मोटारसायकलींत सीडीआय इग्निशन, आणि त्या कॉइलला बारा व्होल्ट नव्हे, कंडेन्सरमधून दोन-तीनशे व्होल्टचा एकच झटका मिळतो. तिची प्रायमरी एक ओहमच्याही खाली. तिला बारा व्होल्ट दिलेत तर संपर्क वितळतील आणि ठिणगी मिळेल केसाएवढी. कॉइल खराब नाही, जात वेगळी आहे. आपल्याला हवी पॉइंटवाल्या जुन्या मोटारीची, डब्याच्या आकाराची, तेल भरलेली.

मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना लावून त्याचे स्वतःचे ओहम बघा आणि ते वजा करा. प्रायमरी ३ ते ४ ओहम, सेकंडरी साधारण ६ ते १२ हजार. दीड ओहमची निघाली तर ती बॅलास्ट रेझिस्टन्सबरोबर (करंट आवरायला वाटेत लावायचा जादा रेझिस्टन्स) चालवायची, थेट नाही. सेकंडरी अनंत दाखवत असेल तर आत तुटली. गरम झाल्यावरच मंद होत असेल तर गरम असतानाच मोजा, गार कॉइल खोटं बोलते. आणि आतले दोन-चार वेढे एकमेकांना चिकटले असतील तर मीटर ते सांगणार नाही. त्यावर एकच उपाय, चांगली माहीत असलेली दुसरी कॉइल लावून बघणे. गॅरेजवाल्याकडून पाच मिनिटांसाठी मागा, देतात.

इथे थांबा

कॉइलच्या डब्यातून तेल गळतंय, डबा फुगलाय, डोक्याला चीर आहे: उघडायची नाही, टाकायची. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायची वेळ म्हणजे वरचं सगळं करूनही ठिणगी नाही तेव्हा, किंवा फ्यूज दोनदा उडाला तेव्हा. तिसरा मोठा फ्यूज लावू नका.

जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. ठिणगीसाठी त्यातला ईएचटी, म्हणजे ट्यूबला हे व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, काढायचा तर टीव्ही मेकॅनिककडून काढून घ्या, स्वतः ट्यूबवरची रबरी टोपी उचलू नका. भिंतीतल्या लाइनवर चालणारं कुठलंही यंत्र असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. आणि कुणाला झटका बसून छातीत धडधड, चक्कर किंवा हात बधिर झाला, तर आधी बॅटरी तोडा आणि १०८ ला फोन करा. नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जायचंच.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल वेगळं सांगतो. त्यातून दोन हजार व्होल्टच निघतात, म्हणून कॉइलच्या वीस हजारापुढे तो पोरांना गरीब वाटतो. पण कॉइलमागे छोटी बॅटरी आहे आणि ट्रान्सफॉर्मरमागे अख्खी लाइन. कॉइल झटकून टाकते, तो धरून ठेवतो. गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, पिशवीत असा ट्रान्सफॉर्मर, "ह्याची ठिणगी मोठी पडतली ना?" मी पक्कड घेतली, त्याच्या सेकंडरीच्या वायरी मुळापासून कापल्या आणि माळ्यावरची एक जुनी जीपची कॉइल मुलाच्या हातात दिली. वडील जरा रागावले होते. ट्रान्सफॉर्मर अजून दुकानात आहे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला.